कुसुमाग्रज आणि शिरवाडकर एकच माणूस, मग नाव बदललं की वाक्य खोटं कसं होतं?

मुक्तछंद_सोलापूर:

नमस्कार मंडळी. मी दिवसा एका पतसंस्थेत काउंटरवर बसते आणि बाहेरून एमए तत्त्वज्ञान करतेय. भाषेच्या तत्त्वज्ञानाचा पेपर तीन आठवड्यांवर आलाय आणि एका जागी माझी गाडी रुतून बसलीय, काही केल्या निघत नाही म्हणून इथे विचारतेय.

नोट्समधे नियम दिलाय तो असा, की दोन शब्द एकाच वस्तूकडे किंवा माणसाकडे बोट दाखवत असतील तर वाक्यात एकाच्या जागी दुसरा घाला, वाक्य खरं असेल तर खरंच राहील, खोटं असेल तर खोटंच. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझचा नियम म्हणून सांगतात. आणि तो पटतो पण, म्हणजे "शिरवाडकर नाशिकला राहायचे" हे खरं तर "कुसुमाग्रज नाशिकला राहायचे" हेही खरंच असणार, माणूस एकच आहे.

पुढे लगेच फ्रेगे हा जर्मन तर्कशास्त्रज्ञ येतो आणि त्याचं ते पहाटेचा तारा, संध्याकाळचा तारा. दोन नावं, ग्रह एकच, शुक्र. आता माझी अडचण अशी की आपण मराठीत दोन्ही वेळेला शुक्रच म्हणतो. पहाटे दिसली तरी शुक्राची चांदणी, संध्याकाळी दिसली तरी शुक्राची चांदणी. पंचांगात सुद्धा शुक्राचा पूर्वेस उदय, पश्चिमेस अस्त असं एकाच नावाने छापतात. त्यामुळे दोन नावांचं कोडं मला आतून लागतच नाही, नुसतं पाठ होतं आणि दुसऱ्या दिवशी जातं.

म्हणून मी घरातलं उदाहरण घेतलं. माझी भाची आठवीत आहे. तिला विचारलं कुसुमाग्रजांनी काय लिहिलं गं, तर म्हणाली कविता. वि. वा. शिरवाडकरांनी? तर म्हणाली नटसम्राट. मग त्यांनी कविता लिहिल्या का? नाही, ते नाटकवाले. अगदी ठाम.

आता बघा, "भाचीला माहीत आहे की कुसुमाग्रजांनी कविता लिहिल्या" हे वाक्य खरं आहे. त्यात नाव बदललं, "भाचीला माहीत आहे की शिरवाडकरांनी कविता लिहिल्या", तर खोटं झालं, कारण ती तर चक्क नाही म्हणतेय. माणूस तोच, वाक्यातलं बाकी काहीच हलवलं नाही. मग नियम चुकीचा आहे का, की "माहीत आहे" सारखी वाक्यं नियमात धरायचीच नसतात, आणि नसतात तर का नसतात? "हा अपवाद आहे" एवढंच नोट्समधे लिहिलंय आणि त्याने माझं समाधान होत नाहीये.

डोंगरवेडा:

मुक्तछंदताई, मी इंजिनिअर माणूस, तत्त्वज्ञान हौसेने वाचतो, पण तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

फ्रेगेचं ताऱ्याचं उदाहरण मराठीत लागत नाही हे अगदी बरोबर पकडलंत. पण त्याचंच अजून एक उदाहरण आहे जे आपल्याला चटकन लागतं. फिलिप जर्डेन नावाचा एक इंग्रज अभ्यासक होता, त्याच्यासाठी १९१४ मधे लिहिलेल्या पत्रात फ्रेगे डोंगराचं उदाहरण देतो. अनोळखी मुलखात एका प्रवाशाला उत्तरेच्या क्षितिजावर बर्फाचं शिखर दिसतं, तिथले लोक त्याला आफ्ला म्हणतात. दुसऱ्या प्रवाशाला दुसरीकडून दक्षिणेच्या क्षितिजावर शिखर दिसतं, तिथले लोक त्याला आतेब म्हणतात. दोघं आपापली मोजमापं करतात, नकाशे जुळवतात आणि मग कळतं की अरे शिखर एकच आहे. फ्रेगेचं म्हणणं असं की "आतेब म्हणजे आफ्ला" ही भूगोलातली खरीखुरी माहिती आहे, कष्टाने मिळालेली. "आतेब म्हणजे आतेब" यात कुठली आलीय माहिती, ते घरात बसून कोणीही सांगेल. पण शब्दाचा अर्थ म्हणजे फक्त ती वस्तू असं धरलं तर दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच व्हायला पाहिजे, आणि तो एक नाही हे तर दिसतंय.

आता हे सह्याद्रीत आणा. खंडाळ्याला येणारे पर्यटक ज्याला ड्यूक्स नोज म्हणतात तोच कडा कुरवंडे गावाकडून चढणाऱ्यांना नागफणी. एकाला त्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक दिसलं, दुसऱ्याला नागाचा फणा. माझ्या ऑफिसातला एक मित्र मला म्हणाला होता की नागफणी झालाय माझा, ड्यूक्स नोज राहिलाय, पुढच्या पावसाळ्यात करू. मी त्याला सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं गप्प बसला आणि मग दोन वेळचे फोटो शेजारी ठेवून बघायला लागला. त्याला ड्यूक्स नोज चढायचा होता, नागफणी परत चढायचा नव्हता, हे सगळं खरं होतं, आणि कडा एकच. तुमची भाची आणि माझा मित्र एकाच जागी उभे आहेत.

सावली_नागपूर:

मुक्तछंद, तू मला मुलीसारखी म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नकोस. मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता घरी असते. तुझा प्रश्न वाचला आणि मला विराटपर्वच आठवलं, कारण ते पर्वच्या पर्व या एका गोष्टीवर उभं आहे.

तेराव्या वर्षी पांडव विराटाच्या घरी राहतात. युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा, द्रौपदी सैरंध्री. अट काय, तर या वर्षात ओळखले गेले तर परत बारा वर्षं वनवास. आता तुमच्या त्या फ्रेगेचा मुद्दा यात घालून बघ. "अर्जुन म्हणजे अर्जुन" हे कोणी भर चौकात ओरडून सांगितलं असतं तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. पण "बृहन्नडा म्हणजे अर्जुन" हे एवढंसं वाक्य दुर्योधनाच्या हेराच्या कानावर गेलं असतं तर बारा वर्षं गेली असती. दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल, दोन्ही वाक्यं सांगतात ते एवढंच की हा माणूस तोच माणूस, आणि तरी एकाची किंमत शून्य आणि दुसऱ्याची बारा वर्षं.

आता अदलाबदल कर. "बृहन्नडा राजकन्या उत्तरेला नाच शिकवत होती." हे खरं. "अर्जुन उत्तरेला नाच शिकवत होता." हेही खरं, विराटाला माहीत असो नसो, शिकवत तोच होता. (बघ, मराठीत नाव बदललं की क्रियापदाला पण बदलावं लागतं, होतीचं होता, एवढी ही भाषा नावाला धरून असते.) पण "विराटाला माहीत होतं की बृहन्नडा आपल्या मुलीला नाच शिकवते" हे खरं आणि त्यात अर्जुन घातला की खोटं. आणि हेर? हेर पांडवांना शोधत होते. कंकाला, बल्लवाला कोण शोधत होतं? कोणीच नाही. शोधणं हे क्रियापद सुद्धा माहीत असण्याच्या जातीचं आहे हे मला तुझ्या प्रश्नामुळेच आज दिसलं.

विराटाचा मुलगा उत्तर गोधन सोडवून परत येतो तेव्हा तर कळस आहे. विराट आनंदाने फासे खेळतोय, माझ्या मुलाने कौरवांना हरवलं म्हणतोय, आणि कंक शांतपणे म्हणतो की ज्याची सारथी बृहन्नडा तो जिंकणारच. विराटाला त्याचा इतका राग येतो की तो फासा फेकून मारतो, युधिष्ठिराच्या नाकातून रक्त येतं आणि सैरंध्री ते भांड्यात झेलते. आता विचार कर, कंक जे बोलला त्यात बृहन्नडेच्या जागी अर्जुन हे नाव घातलं असतं तर वाक्य तितकंच खरं राहिलं असतं, पण विराट असा चिडलाच नसता. म्हणजे तुझा नियम कंकाच्या वाक्याला लागू आहे, विराटाच्या रागाला नाही. मुलांना हा प्रसंग इतकी वर्षं शिकवला पण त्यात हे दडलंय हे लक्षात आलं नव्हतं, म्हणून तुझे आभार.

मुक्तछंद_सोलापूर:

काकू, अंगावर काटा आला वाचताना. "नियम कंकाच्या वाक्याला लागू आहे, विराटाच्या रागाला नाही" हे मी वहीत लिहून घेतलंय.

पण माझा मूळ प्रश्न अजून उरलाच आहे. कुठे लागू होतो आणि कुठे नाही हे दिसलं, पण असं का होतं? "माहीत आहे" च्या पुढे गेल्यावर त्या नावाला नेमकं होतं काय? तो माणूस तर बदलत नाही ना.

अर्थछटा:

मी भाषाविज्ञानातली, अर्थविचार हाच माझा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, सांभाळून घ्या.

फ्रेगेचं उत्तर १८९२ च्या निबंधात आहे. तो म्हणतो प्रत्येक नावाला दोन गोष्टी असतात. एक, नाव ज्याच्याकडे बोट दाखवतं ते, त्याला आपण निर्देश म्हणू. दुसरी, ते ज्या रीतीने आपल्यासमोर येतं ती रीत, त्याला आशय म्हणू. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर यांचा निर्देश एक, आशय दोन. एक कवितेच्या पुस्तकाच्या दारातून येतो, दुसरा नाटकाच्या पडद्यामागून.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म. फ्रेगे म्हणतो की "माहीत आहे की", "वाटतं की", "म्हणाला की" यांच्या पुढे गेल्यावर शब्द आपलं नेहमीचं काम करतच नाहीत. तिथे नाव माणसाकडे बोट दाखवत नाही, ते स्वतःच्या नेहमीच्या आशयाकडे बोट दाखवतं. म्हणजे भाचीच्या वाक्यात "कुसुमाग्रज" हा शब्द नाशिकच्या त्या माणसाचा निर्देश करत नाहीये, भाचीच्या डोक्यात तो माणूस ज्या दारातून आला त्या दाराचा करतोय. आणि दारं दोन वेगळी आहेत. तेव्हा लाइबनिझचा नियम मोडलेलाच नाही! नियम सांगतो की निर्देश एक असेल तर बदला. त्या जागी दोन नावांचा निर्देश एक नव्हताच, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची अदलाबदल केलीत, वाक्य बदलणारच. "हा अपवाद आहे" असं जे नोट्समधे लिहिलंय ते म्हणूनच बरोबर नाही, फ्रेगेच्या दृष्टीने अपवाद एकही नाही.

क्वाइन या अमेरिकन तत्त्वज्ञाने नंतर अशा जागांना अपारदर्शक म्हटलं. मला दुधी काच हा शब्द आवडतो, उजेड येतो पण पलीकडचा माणूस सरळ दिसत नाही.

आणि आता मराठीतली एक गंमतीची जागा सांगते जी मला स्वतःला फार आवडते. सावलीताईंचंच उदाहरण घेऊ. "विराट अर्जुनाला बृहन्नडा समजत होता." खरं वाक्य. आता दोन्ही नावांची जागा उलटी करा. "विराट बृहन्नडेला अर्जुन समजत होता." साफ खोटं, तसं समजला असता तर गोष्टच संपली असती. दोन्ही नावांचा माणूस एकच, वाक्यात शब्द तेच, फक्त "ला" कोणाला लागलाय ते बदललं. म्हणजे "समजणे" या क्रियापदाच्या "ला" वाल्या जागेवर साधी काच आहे, तिथे तुम्ही अर्जुन म्हणा, पांडवांतला तिसरा म्हणा, द्रौपदीचा नवरा म्हणा, वाक्य खरंच राहतं. आणि पुढच्या जागेवर दुधी काच. एकाच वाक्यात दोन्ही काचा शेजारी शेजारी, आणि आपण बोलताना कधी चुकत नाही. "बद्दल" पण हेच करतो. "भाचीला शिरवाडकरांबद्दल माहीत आहे की त्यांनी कविता लिहिल्या" हे वाक्य नीट ऐका, यात नाव "की" च्या बाहेर आलं आणि वाक्य बऱ्यापैकी खरं वाटायला लागलं, म्हणजे त्या माणसाबद्दल तिला ते माहीत आहे, तिला ते नाव माहीत नसलं तरी. परीक्षेत या दोन वाचनांचा फरक हमखास विचारतात, वस्तूबद्दलचा विश्वास आणि वाक्याबद्दलचा विश्वास असा. मराठीतून उत्तर लिहिणार असाल तर बद्दल आणि की ची ही जोडी द्या, पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा स्वच्छ आहे.

अजून एक, हे थोडं विषयाच्या कडेला आहे पण सांगतेच. मराठीत "उत्तर म्हणाला की मी जिंकलो नाही" यातला मी कोण? उत्तर. इंग्रजीत असं "की" लावून सांगताना मी चा तो करावाच लागतो, नाहीतर तो मी सांगणाऱ्याचा होतो. आपण तसं करत नाही, बोलणाऱ्याचे शब्द बहुतेक वेळा जसेच्या तसे "की" च्या पुढे ठेवून देतो. म्हणजे आपल्या भाषेत "की" च्या पुढचा भाग अवतरणाच्या फार जवळ बसतो, त्यामुळे मराठी कानाला ही दुधी काच आधीपासून ओळखीची आहे असं माझं मत आहे.

पोथीवाला_वाई:

वरचं सगळं उत्तम, पण अवतरणाचा विषय निघालाय तर पाणिनीला बाहेर ठेवून चालणार नाही.

अष्टाध्यायीत पहिल्या अध्यायात एक सूत्र आहे, स्वं रूपं शब्दस्याशब्दसंज्ञा, १.१.६८. त्याचं सांगणं असं की व्याकरणाच्या सूत्रात एखादा शब्द आला तर तो स्वतःचं रूप दाखवतो, त्याचा जगातला अर्थ नाही, फक्त व्याकरणाने ठरवून दिलेल्या संज्ञा सोडून. याची गरज का पडली ते पुढे कळतं. अग्नेर्ढक् म्हणून सूत्र आहे, ४.२.३३, अग्नीला ढक् प्रत्यय लागतो आणि आग्नेय होतं. आता अग्नी म्हणजे विस्तव असं धरलं तर प्रत्यय निखाऱ्याला चिकटवायचा का? आणि अग्नीचा अर्थ घेतला तर पावक, ज्वलन, अनल हे सगळे त्याच अर्थाचे, मग त्यांनाही तोच प्रत्यय लागेल, आणि तसं तर भाषेत होत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवलं की इथे शब्द म्हणजे शब्द, समानार्थी शब्द त्याच्या जागी घालायचा नाही. दोन शब्दांनी एकच वस्तू सांगितली तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही अशी एक अख्खी जागा या सूत्राने बाजूला काढून दाखवली, आणि हे फ्रेगेच्या दोन हजार वर्षांहून आधीचं आहे.

वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारे मीमांसकही हेच करतात. विधीत देवतेचं जे नाव आहे त्याच नावाने आहुती द्यायची, विधीत अग्नी असेल तर अग्नये म्हणायचं, पावकाय म्हणून चालत नाही, देवता तीच ना असा युक्तिवाद तिथे ऐकून घेत नाहीत.

मुक्तछंदताई, तुमच्याच कवीचं बघा. शिरवाडकरांच्या बहिणीचं नाव कुसुम, तिचा अग्रज म्हणजे थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज. आता वाक्य करा, "कुसुमाग्रजांना तसं म्हणतात ते बहिणीमुळे." खरं. "शिरवाडकरांना तसं म्हणतात ते बहिणीमुळे." खोटं, शिरवाडकर हे काही बहिणीवरून आलेलं नाव नाही, ते आडनाव. "तसं" हा शब्द मागे वळून नावाच्या रूपाकडेच बघतो. क्वाइनने हेच व्हेनिसच्या जॉर्जोने नावाच्या चित्रकारावर दाखवलंय, जॉर्जोने म्हणजे थोराड जॉर्ज, तो अंगाने मोठा म्हणून तसं नाव पडलं, आणि त्याचं दुसरं नाव बार्बारेल्ली घातलं की वाक्य पडतं. आपल्याकडे केशवसुत आहेत, गोविंदाग्रज आहेत, मराठी कवितेत अशा नावांची कमी नाही. गडकरी तर कवितेला गोविंदाग्रज, विनोदी लेखांना बाळकराम आणि नाटकांना राम गणेश गडकरी, एकाच माणसाला तीन दारं.

उंबरठा:

मी जरा वेगळं बोलणार आहे, कारण धागा वाचून असं वाटतंय की फ्रेगेने प्रश्न सोडवला आणि आपण मोकळे झालो. तसं नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेल. १९०५ मधे त्याने हेच कोडं घेतलं. वेव्हर्ली ही कादंबरी १८१४ मधे बिननावाने आली, लेखक वॉल्टर स्कॉट, पण त्याने ते बरीच वर्षं उघड कबूल केलं नव्हतं, आणि चौथ्या जॉर्ज राजाला जाणून घ्यायचं होतं की स्कॉट हाच वेव्हर्लीचा लेखक का. आता अदलाबदल करा, वेव्हर्लीचा लेखक काढून स्कॉट घाला, तर राजाला जाणून घ्यायचं होतं की स्कॉट हाच स्कॉट का. राजाला असल्या प्रश्नात काडीचा रस नव्हता. रसेलचं उत्तर आशय बिशय काही नाही. तो म्हणतो "वेव्हर्लीचा लेखक" हे नावच नाही, ते एक लपलेलं अख्खं विधान आहे, की असा एक आणि एकच माणूस आहे ज्याने ती लिहिली. वाक्य उलगडून लिहिलं की त्यात अदलाबदल करायला एकसंध तुकडाच उरत नाही. मला हे उत्तर फ्रेगेपेक्षा स्वच्छ वाटतं, कारण त्यात शब्दांना "की" च्या पुढे गेल्यावर अचानक दुसरा निर्देश मिळतो असं मानावं लागत नाही. अर्थछटांनी तो भाग छान समजावला पण मला तो पहिल्यापासून पटत नाही. "विराटाला वाटलं की बृहन्नडा नुसती नाच शिकवते, पण ती तर धनुर्धर निघाली" या वाक्यात "ती" कोण? आशय? धनुर्धर आशय नसतो, माणूस असतो. आणि ती ज्या बृहन्नडेला धरून आली ती तर "की" च्या पुढे बसलीय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क्रिपके या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७९ मधे दाखवलं की गडबड अदलाबदलीमुळे होते हे गृहीतच कच्चं आहे. त्याचा पिएर नावाचा फ्रेंच माणूस फ्रान्समधे असताना लंडनबद्दल ऐकतो, फ्रेंचमधे त्याला लाँद्र म्हणतात, आणि ते सुंदर आहे असं मानतो. मग तो लंडनच्या एका बकाल वस्तीत येऊन राहतो, इंग्रजी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकून ऐकून शिकतो, आणि लंडन सुंदर नाही असं मानतो. हे तेच शहर हे त्याला कळलेलंच नाही. आता सांगा, लंडन सुंदर आहे असं पिएरला वाटतं की नाही? इथे आपण अदलाबदल कुठेच केली नाही. फक्त तो फ्रेंचमधे मनापासून जे म्हणाला त्याचं भाषांतर करून तो विश्वास त्याच्या पदरात घातला, जे आपण रोज करतो. तरी तोच पेच. तेव्हा सगळा दोष अदलाबदलीच्या नियमावर टाकून आशयाची यंत्रणा उभी करायची घाई करू नये, एवढंच माझं म्हणणं.

अर्थछटा:

उंबरठा, "ती" चा मुद्दा खरा आहे आणि फ्रेगेवाल्यांना तो नडतोच, मी नाकारत नाही. पण रसेलचं उत्तर मुक्तछंदच्या उदाहरणाला कसं लावणार? तिच्या वाक्यात "नटसम्राटचे लेखक" असं वर्णन नाहीये, दोन सरळ नावं आहेत. रसेलला मग म्हणावं लागतं की नावं सुद्धा लपलेली वर्णनंच आहेत, कुसुमाग्रज म्हणजे भाचीसाठी "पुस्तकातल्या कवितेचे कवी". आणि तिथे त्याच क्रिपकेने १९७० च्या व्याख्यानांत जे घाव घातलेत ते आहेतच. समजा पुढे निघालं की ती कविता दुसऱ्याच कोणी लिहिली होती, तर भाची आजवर कुसुमाग्रज म्हणत होती ती त्या दुसऱ्या माणसाला म्हणत होती का? नाही. नाव माणसाला धरून राहतं, वर्णनाला नाही.

पिएरबद्दल सहमत. तो प्रश्न माझ्या मते अजून उघडाच आहे. आपल्याला तो परका वाटायचं कारण नाही, मराठीत मुंबई, हिंदीत बंबई आणि इंग्रजीत बॉम्बे असं एकच माणूस तीन भाषांत म्हणत मोठा झालेला आपल्याकडे घरोघरी आहे, १९९५ मधे सरकारी नाव बदललं तरी इंग्रजीत हायकोर्ट बॉम्बेच राहिलं. आपण फक्त तिन्ही नावं आधीच जुळवून ठेवलेली असतात म्हणून पेच दिसत नाही.

मुक्तछंद, एक राहिलं. "अटळपणे" किंवा "असायलाच हवं" हे शब्द सुद्धा दुधी काच आणतात, फक्त तिथे कोणाच्या डोक्यात काय आहे याचा संबंध नसतो. ९ हे ७ पेक्षा मोठं असणं अटळ आहे. ग्रहांची संख्या ९. मग ग्रहांची संख्या ७ पेक्षा मोठी असणं अटळ आहे का? नाही, पाचच ग्रह असलेली सूर्यमाला होऊ शकली असती. हे क्वाइनचं उदाहरण, २००६ मधे प्लूटो यादीतून निघाला म्हणून आता ८ घालून लिहा, युक्तिवाद तसाच चालतो.

मुक्तछंद_सोलापूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हाच धागा डोक्यात होता आणि काल काउंटरवर एक गोष्ट झाली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक आजी आल्या होत्या, ठेव पावती माहेरच्या नावाची, लग्नाआधी वडिलांनी ठेवलेली आणि नंतर दर वेळी नूतनीकरण होत गेलेली. आधार कार्ड सासरच्या नावाचं, आणि लग्नात त्यांचं पहिलं नाव पण बदललेलं, म्हणजे दोन्ही कागदांत एकही शब्द सारखा नाही. आजींचं म्हणणं अगं मीच ती, समोर बसलेय ना. आणि त्यांचं खरंच होतं, पैसे त्यांचेच होते, पावतीवरचं नाव त्यांच्याकडेच बोट दाखवत होतं. पण संस्थेला ते माहीत नव्हतं, आणि संस्थेला माहीत होईपर्यंत मी एका नावाच्या जागी दुसरं नाव घालू शकत नव्हते. मी त्यांना लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लागेल म्हणून सांगितलं. प्रतिज्ञापत्रात वकील काय लिहितात ते मी शेकडो वेळा वाचलंय, "सदर दोन्ही नावे माझीच असून मी एकच व्यक्ती आहे". काल पहिल्यांदा जाणवलं की आतेब म्हणजे आफ्ला हेच वाक्य आहे हे, फक्त स्टॅम्प पेपरवर. उन्हाचं परत चकरा मारायला लावल्याचं वाईट वाटलं, म्हणून दाखल्याची नक्कल कुठल्या खिडकीवर मिळते, किती वाजता जायचं ते सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं.

आणि भाचीला सांगितलं शेवटी. तिने आधी विश्वासच ठेवला नाही, मग पुस्तकाच्या मागे कवीपरिचय असतो तो मी तिला मोठ्याने वाचायला लावला. तर म्हणाली, मग ज्यांनी नाटक लिहिलं त्यांनाच कुसुम नावाची बहीण होती का? मी म्हटलं हो. त्यावर म्हणाली, मग तिला आधीपासून माहीत असणार दोघं एकच आहेत ते.

सावली_नागपूर:

हुशार आहे पोर. तिला विराटपर्व वाचायला दे आता, बृहन्नडा कोण हे उत्तराला शमीच्या झाडापाशी कळतं तिथपासून पुढे त्याचं बोलणं कसं बदलतं ते तिला शोधून काढायला सांग. बापाला तो नाव सांगत नाही, एका देवपुत्राने जिंकून दिलं म्हणतो.